सामान्य आणि विशेष : काडतुसांच्या इतिहासातून तयारीचा विचार



गेल्या व्याख्यानात आपण दुष्काळ आणि धान्याची पेवं यांविषयी बोललो. वाईट दिवसांसाठी माणूस काय राखून ठेवतो, कसं ठेवतो, हा विषय होता. त्यानंतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या एका श्रोत्यांचं पत्र आलं. मजकूर थोडक्यात असा : ‘सर, तुम्ही धान्याबद्दल बोललात. इथे लोक काडतुसं साठवतात. माझ्याकडे .३५७ सिग या मापाचं एक पिस्तूल आहे. पोलीस खात्याने बदलून टाकलेलं, स्वस्तात मिळालेलं, पण उत्तम. २०२० साली त्याच्या गोळ्या महिनोन्महिने मिळाल्या नाहीत. हे ठेवावं, की विकून सगळ्यांसारखं ९ मिलिमीटरचं घ्यावं? हसू नका, प्रश्न गंभीर आहे.’

आम्ही हसलो नाही. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, आम्ही शस्त्रतज्ज्ञ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पिस्तूल घरात असावं की नसावं हाही आजचा विषय नाही. ते त्या त्या देशाचा कायदा आणि त्या त्या माणसाचा विवेक ठरवील. पण पत्र वाचताना लक्षात आलं की हा प्रश्न दीडशे वर्षं तरी जुना आहे. राज्यांनी, सैन्यांनी, पोलिसांनी आणि भूमिगत क्रांतिकारकांनी तो सोडवायचा प्रयत्न केलेला आहे. काहींना तो सुटला, काहींचा जीव गेला. तेव्हा आज तोच इतिहास पाहू.

सुरुवातीला दोन शब्द नीट समजून घेऊ. ‘कॅलिबर’ म्हणजे ढोबळमानाने नळीच्या पोकळीचा व्यास. आपल्याकडे परवान्यावर ‘बोअर’ लिहितात. .३२ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतले बत्तीस. परंतु काडतूस म्हणजे नुसता व्यास नव्हे. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी गोळी, असा तो चार वस्तूंचा संच. पुंगळीची लांबी, तिचा आकार, आतला दाब, हे सगळं त्या पिस्तुलाच्या कोठीशी जुळावं लागतं. घरात आंबेमोहोर नसला तर आपण कोलम शिजवतो, जेवण अडत नाही. काडतुसाचं तसं नाही. जुळलं तर चालेल, नाहीतर हातात लोखंडाचा तुकडा.

दुसरी गोष्ट आमच्या विषयातली. वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असे सहा पदार्थ सांगितले आहेत. त्यांतले ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ हे दोन शब्द आज आम्ही जरा सैलपणे वापरणार आहोत. शास्त्रातला ‘विशेष’ हा नित्य द्रव्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा, त्याचा पिस्तुलांशी काही संबंध नाही. तेवढी सूट आम्हाला द्या. सर्वत्र मिळतं ते सामान्य काडतूस, मोजक्यांकडे असतं ते विशेष. आता प्रश्न असा : सामान्यता हा त्या काडतुसाचा गुण आहे का? पितळेत, दारूत, गोळीच्या वजनात ती कुठे दिसते का? हा प्रश्न मनात ठेवा, आणि आपण १८७० च्या दशकातल्या अमेरिकेत जाऊ.

अमेरिकन सैन्याने १८७३ साली कोल्ट कंपनीचं .४५ चं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. लगोलग मेजर जॉर्ज स्कोफील्ड या अधिकाऱ्याने सुधारलेलं स्मिथ अँड वेसन कंपनीचं रिव्हॉल्व्हरही १८७५ पासून घेतलं. मधोमध मोडून सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकणारं, त्यामुळे घोड्यावर बसून भरायला सोपं. दोन्हीही .४५ च. पण स्कोफील्डचं फिरतं दंडगोल आखूड, म्हणून त्याचं काडतूसही आखूड. परिणाम काय झाला बघा. आखूड काडतूस कोल्टमध्ये चालत होतं, लांब काडतूस स्कोफील्डमध्ये बसत नव्हतं. नावाने एकच माप, पण पेटी चुकीची आली तर तुकडीतली अर्धी माणसं रिकामी. सरकारी फ्रँकफर्ड कारखान्याने यावर साधा मार्ग काढला : आखूडच बनवायचं, ते दोन्हींत चालतं. थोडी ताकद गेली तर गेली. आणि पुढे स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरं सैन्याने विकूनही टाकली. शस्त्र म्हणून ते वाईट नव्हतं. पण सैन्याला दोन मापांचा संसार परवडत नव्हता.

त्याच काळात साध्या रहिवाशांनी हाच प्रश्न आपल्या परीने सोडवला. विंचेस्टर कंपनीची १८७३ ची रायफल .४४-४० या काडतुसाची होती. कोल्टने काही वर्षांत त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. खांद्यावरची बंदूक आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर, दोघांना एकच पट्टा. दुकान दोन-तीन दिवसांच्या वाटेवर असलेल्या माणसाला याचं मोल काय असेल ते समजायला युद्धशास्त्र लागत नाही. आपल्याकडे प्रवासाला निघताना सगळ्यांच्या मोबाइलला एकच चार्जर चालावा असं वाटतं ना, तोच विचार.

इथवर सगळं सामान्याच्या बाजूने चाललं आहे. आता विशेषाची बाजू घेणारं एक उदाहरण, आणि ते आपल्याच देशातलं आहे.

२६ ऑगस्ट १९१४. कलकत्ता. पहिलं महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. रॉडा अँड कंपनी ही बंदुकांची व्यापारी पेढी. तिचा श्रीशचंद्र मित्र नावाचा कारकून जकात कार्यालयातून पेढीचा माल सोडवून आणायला गेला. २०२ खोक्यांपैकी १९२ त्याने गोदामात पोचवली, उरलेली दहा घेऊन तो नाहीसा झाला. त्या दहा खोक्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं होती. पुढे १९१८ साली न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने आपल्या अहवालात या चोरीची सविस्तर नोंद घेतली. पन्नासपैकी ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेच नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली, पुढच्या ५४ प्रकरणांत ती वापरली गेली, आणि पोलिसांना ३१ परत मिळाली, असं हा अहवाल सांगतो. सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांशी लढले, तेव्हाही त्यांच्या हातांत माउझरच होती.

आता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या घटनेकडे पाहू. माउझरचं ७.६३ मिलिमीटरचं काडतूस भारतात विशेष होतं. इंग्रज अधिकाऱ्याकडे वेब्लीचं .४५५ चं रिव्हॉल्व्हर असायचं. मग बंगालच्या क्रांतिकारकांना हे विशेष माप इतकी वर्षं कसं पुरलं? साधा भागाकार करा : ४६ हजार भागिले ५०. पिस्तुलामागे ९२० काडतुसं. वाईट दिवसांची सगळी शिदोरी पहिल्याच दिवशी शस्त्राबरोबर आली होती. दुकानावर, टपालावर, कोणाच्याही मर्जीवर पुढे अवलंबून राहायचं नव्हतं. विशेष माप निवडायचं तर अट ही : शिदोरी आधी, शस्त्र नंतर.

परंतु दुसरी बाजूही आहे. पिस्तुलांवर क्रमांक होते आणि पेढीच्या दप्तरात त्यांची नोंद होती. आणि जे माप इतर फारसं कोणी वापरत नाही, त्याची पुंगळी जिथे पडली तिथे ती सहीसारखी बोलते. क्रांतिकारकांना जे बळ मिळालं त्याचीच खूण पोलिसांना मिळाली. शिवाय त्या पेट्या संपल्यावर पुढे काय, याला उत्तर नव्हतं. शत्रूच्या कमरेला असलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात बसत नव्हतं.

हा शेवटचा मुद्दा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लक्षात आलेला दिसतो. त्यांचं स्वतःचं सैनिकी रिव्हॉल्व्हर .३८ चं. पण १९४१ मध्ये त्यांनी स्टेन नावाची स्वस्त मशीन कार्बाइन काढली ती ९ मिलिमीटरची, म्हणजे जर्मनांच्या मापाची. युरोपातल्या प्रतिकार चळवळींना विमानातून स्टेन टाकल्या की पुढचा पुरवठा शत्रूच्या कोठारातूनही होऊ शकत होता. याच्या उलट अमेरिकनांनी १९४२ मध्ये ‘लिबरेटर’ नावाचं एकबारी, ओबडधोबड पिस्तूल सुमारे दहा लाख नग बनवलं, ते .४५ चं. खोक्यात बरोबर दहा काडतुसं. कल्पना अशी की ते वापरून शत्रूचं चांगलं शस्त्र मिळवायचं आणि हे फेकून द्यायचं. प्रत्यक्षात युरोपात ते फार थोडं पोचलं. पण रचनेतच कबुली आहे बघा : परक्या मापाच्या शस्त्राचं आयुष्य त्याच्या खोक्याएवढं.

या ९ मिलिमीटरच्या काडतुसाचं पूर्ण नाव ९ मिलिमीटर पॅराबेलम. गेऑर्ग लुगर यांनी ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आखलं. ‘शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी ठेव’ अशा अर्थाच्या लॅटिन वचनातले शेवटचे दोन शब्द बनवणाऱ्या जर्मन कंपनीने आपला तारेचा पत्ता म्हणून घेतले होते, तिथून हे नाव आलं. म्हणजे जगातल्या सर्वांत सामान्य पिस्तुली काडतुसाच्या नावातच ‘तयारी’ आहे. जर्मन नौदलाने ते १९०४ साली घेतलं, भूसेनेने १९०८ साली. पुढे नाटो राष्ट्रांनी ते प्रमाण मानलं, आणि १९८५ मध्ये अमेरिकन सैन्याने आपलं पंचाहत्तर वर्षांचं .४५ बाजूला ठेवून तेच स्वीकारलं. ते सगळ्यांत जोरदार होतं म्हणून का? नाही. त्याहून जोरदार काडतुसं होती आणि आहेत. पण प्रत्येक नव्या राज्याने ते घेतलं की पुढच्या राज्याला ते घेण्याचं कारण आणखी एकाने वाढत गेलं.

आता आपल्या श्रोत्यांच्या .३५७ सिगकडे येऊ. त्याची जन्मकथा एका दुर्दैवी सकाळपासून सुरू होते.

११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयचे आठ अधिकारी आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात काही मिनिटांची चकमक झाली. बेन ग्रोगन आणि जेरी डव्ह हे दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. डव्ह यांची ९ मिलिमीटरची एक गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. ती जखम अखेर प्राणघातकच होती, पण तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. एफबीआयने दोष त्या गोळीवर ठेवला. तो कितपत न्याय्य होता यावर आजही वाद आहेत, कारण दरोडेखोराच्या हातात रायफल होती आणि अधिकाऱ्यांच्या हातांत बहुतांशी रिव्हॉल्व्हरं. पण संस्थेला उत्तर हवं असतं, आणि गोळी बदलणं हे सगळ्यांत सोपं उत्तर.

नवं माप तयारच होतं : १० मिलिमीटर. त्याची कथा तर बोधकथाच आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्रेन टेन’ नावाचं पिस्तूल या मापासाठी निघालं. मागे जेफ कूपरसारख्या नामांकित जाणकाराचा सल्ला, काडतूस स्वीडनमधल्या नोर्मा कंपनीचं. ‘मायामी व्हाइस’ या लोकप्रिय टीव्ही मालिकेच्या नायकाच्या हातात ते झळकलंही. पण झालं काय, अनेक गिऱ्हाइकांना पिस्तूल घरी आलं ते मॅगझिनशिवाय! मॅगझिनचा पुरवठाच होईना. जगातलं अत्यंत प्रगत पिस्तूल, आणि गोळ्या भरायच्या कशात याचा पत्ता नाही. दीड हजारांच्या आतबाहेर नग बनले आणि १९८६ मध्ये कंपनी बुडाली. १९८७ मध्ये कोल्टने ‘डेल्टा एलीट’ नावाचं पिस्तूल त्याच मापात काढलं नसतं, तर १० मिलिमीटर त्याच वर्षी इतिहासजमा झालं असतं.

एफबीआयने ते घेतलं. पण त्याचा झटका अनेकांना झेपेना, पिस्तूल मोठं, म्हणून दारू कमी करून वापरू लागले. मग स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी विचार केला की दारू कमीच घालायची तर पुंगळी तरी लांब कशाला? ती आखूड केली आणि १९९० मध्ये .४० चा जन्म झाला. पुढची वीस वर्षं अमेरिकन पोलिसांत .४० चं राज्य होतं. १९९४ मध्ये सिग आणि फेडरल या कंपन्यांनी .४० ची पुंगळी तोंडाशी आवळून तिच्यात ९ मिलिमीटरच्या व्यासाची गोळी बसवली. तेच .३५७ सिग. वेग भरपूर. टेक्सासच्या राज्य पोलिसांनी ते घेतलं, राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने घेतलं. २००३ मध्ये ग्लॉकने .४५ गॅप हे आणखी एक माप काढलं, तेही न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया अशा काही राज्यांच्या पोलिसांनी घेतलं.

आणि मग चाक उलटं फिरलं. गोळीची रचना सुधारत गेली. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने एक टिपण तयार केलं. त्याचा सारांश असा : आधुनिक ९ मिलिमीटर, .४० आणि .४५ गोळ्यांच्या परिणामात फारसा फरक उरलेला नाही. आणि बहुतेक अधिकारी ९ मिलिमीटरने अधिक वेगाने व अधिक अचूक नेम साधतात. संस्था परत ९ मिलिमीटरवर आली. तिच्या मागोमाग राज्याराज्यांचे पोलीस आले. टेक्सासने आणि सीक्रेट सर्व्हिसने .३५७ सिग सोडलं. .४५ गॅप वापरणाऱ्या पोलिसांनीही ते टाकलं. आमच्या श्रोत्यांना उत्तम पिस्तूल स्वस्तात का मिळालं, ते आता कळलं असेल. ज्या संस्थांच्या खरेदीवर ते माप उभं होतं त्या उठून गेल्या होत्या. त्यांना पिस्तूल मिळालं, पण त्याच्यामागचा समाज विखुरला होता.

आता मघाचा प्रश्न. सामान्यता हा गुण आहे का? वीस वर्षांत .४० च्या पितळेत, दारूत काहीही बदललं नाही. जो कस १९९५ मध्ये होता तोच २०१५ मध्ये. तरीही ते वर्षागणिक कमी सामान्य होत गेलं. आमचं म्हणणं असं की सामान्यता वस्तूत नसतेच. ती कारखाने, खरेदीदार, कायदा आणि सवय यांच्यातला एक संबंध असते. आपण पिस्तुलाचं माप निवडतो तेव्हा खरं तर कोणत्या अनोळखी माणसांवर विसंबायचं ते निवडत असतो. टंचाईची ‘स्वावलंबी’ तयारी करणाऱ्याला हे ऐकायला कडू लागतं, पण काडतूस घरी बनवणारासुद्धा टोपी आणि दारू विकतच आणतो.

याला एक चांगला आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. विशेष मापाचे लोक म्हणतात, ‘टंचाई आली की सगळे ९ मिलिमीटरवरच तुटून पडतात. आमचं माप मात्र दुकानात पडून असतं.’ हे अर्धं खरं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेतल्या हत्याकांडानंतर नवे कायदे येणार या भीतीने जी खरेदी उसळली, तीत सर्वसामान्य मापंच आधी नाहीशी झाली. .२२ सारखं पोरांच्या सरावाचं काडतूसही पुढे दीर्घकाळ दुर्मीळ राहिलं. २०२० मध्ये साथ, दंगली आणि निवडणूक एकत्र आल्या. त्या वर्षी एफबीआयच्या यंत्रणेतून बंदुकींशी संबंधित सुमारे ३ कोटी ९७ लाख पार्श्वभूमी-तपासण्या झाल्या, तोवरचा उच्चांक. त्यात पहिल्यांदाच बंदूक घेणारे लाखो. त्याच वर्षी रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. ९ मिलिमीटरचे भाव दुपटी-तिपटीने चढले.

विशेष मापाचे डबे तेव्हा काही दिवस शेल्फवर राहिले हे खरं. पण संपल्यावर काय झालं? कारखान्याची यंत्रं तेवढीच, टोप्या तेवढ्याच. मालक त्या कोणत्या मापाला लावील? ज्याला रांग मोठी त्याला. म्हणून ९ मिलिमीटर महागलं पण थोडं थोडं येत राहिलं, आणि विशेष मापांची पाळी शेवटी आली. म्हणजे टंचाईच्या पहिल्या आठवड्यात विशेषाची सरशी, आणि पुढे सामान्याची. धान्याच्या बाबतीत आपण हेच पाहिलं होतं : दुष्काळाचा पहिला महिना फसवा असतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे सराव. हाताला वळण नसेल तर कपाटातलं शस्त्र घरच्यांनाच अधिक धोक्याचं. सराव म्हणजे काडतुसं खर्च होणं. विशेष माप नेहमीच महाग, म्हणून माणूस हात आखडता घेतो, साठा जपतो आणि नेम गमावतो. याला तयारी कसं म्हणावं?

शेवटी आपल्या देशाकडे एक नजर टाकू, कारण इथे ‘सामान्य’ शब्दाचा खरा रंग दिसतो. भारतात ९ मिलिमीटर, .३८, .४५५ ही सेना-पोलिसांची मापं नागरिकांसाठी निषिद्ध बोअर. हा विचार इंग्रजांचा : प्रजेच्या बंदुकीत सरकारी काडतूस बसता कामा नये. स्टेनमागच्या विचाराची ही बरोबर उलटी बाजू. राज्यकर्ते ५४ प्रकरणं विसरलेले नसावेत! म्हणून परवानाधारकाच्या वाट्याला येतं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर, कानपूरच्या कारखान्यातलं. त्याच्या पुंगळीच्या बुडावर पुष्कळदा ‘केएफ’ ही अक्षरं असतात, म्हणजे किर्की फॅक्टरी. आपल्या पुण्याच्या खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना.

हे .३२ माप १८९६ सालचं. जोर ९ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अमेरिकेत आज ते जुन्या रिव्हॉल्व्हरांत आणि नेमबाजीच्या स्पर्धांत दिसतं, म्हणजे तिथे ते विशेष. आपल्याकडे तेच सामान्य, आणि जगाचं सामान्य ९ मिलिमीटर आपल्या नागरिकाला वर्ज्य. काडतूस तेच. देश बदलला की सामान्य विशेष होतं, विशेष सामान्य होतं. म्हणून आम्ही म्हटलं की हा गुण नव्हे, संबंध आहे.

तर मग आमच्या श्रोत्यांना उत्तर काय?

पहिलं, आज नव्याने घ्यायचं असेल आणि टंचाईचाच विचार असेल, तर आपण राहतो त्या देशात जे सामान्य आहे तेच घ्यावं. इतिहासाचा कौल इथे जवळजवळ एकमुखी आहे.

दुसरं, हातात आधीच विशेष असेल तर ते लगेच विकायचं कारण नाही. अट रॉडाच्या खोक्यांची : शिदोरी आधीच घरात, कायद्यात बसेल तेवढी आणि सरावाचा खर्च धरून. ते जमत नसेल तर स्कोफील्डचा धडा आठवावा. दोन मापांमध्ये पूल असेल तर तो बांधून ठेवावा. .३५७ सिगची पुंगळी .४० वरूनच आलेली असल्यामुळे पुष्कळ पिस्तुलांत केवळ नळी बदलली की .४० चालतं, बहुधा मॅगझिनही तेच. आपल्या मॉडेलला कोणती नळी चालते हे बनवणाऱ्याकडून किंवा जाणत्या कारागिरांकडून नक्की करून घ्यावं, अंदाजाने काही करू नये. एक पिस्तूल, दोन मापं. एक रांग संपली तर दुसरीत उभं राहता येतं. मात्र .४० चेही दिवस उतरणीचे आहेत हे लक्षात असू द्यावं.

आणि तिसरं, जे आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पत्राच्या शेवटी त्या गृहस्थांनी एक वाक्य लिहिलं होतं, ते आम्ही मघाशी सांगितलं नाही. ‘शेजारी कोणत्या मापाचं वापरतात ते मला माहीत नाही, कारण बोलणंच नाही.’ आम्हाला वाटतं, त्यांच्या प्रश्नातला अवघड भाग हाच आहे. बंदूक आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींना एकच पट्टा चालावा म्हणून लोकांनी .४४-४० घेतलं. कोठार वाटून घेता यावं म्हणून राष्ट्रांनी ९ मिलिमीटर घेतलं. सामान्य मापाचा मुख्य उपयोग ते दुसऱ्याकडून घेता येतं आणि दुसऱ्याला देता येतं, हा. देण्याघेण्याइतकी ओळखच नसेल, तर सामान्य माप घेऊनही त्यातला अर्धा लाभ हाताला लागत नाही. पेव गावात असायचं तेव्हाही त्याची जागा चार जाणत्या माणसांना ठाऊक असायची. एकट्याला ठाऊक असलेलं पेव तो माणूस गेल्यावर मातीतच राहायचं.

तेव्हा महाशय, पिस्तूल ठेवा किंवा बदला, हिशेब वर सांगितलाच आहे. पण त्याआधी एकदा शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन या. काडतुसांचा विषय पहिल्या भेटीत काढला नाही तरी चालेल.

वेळ झालेली दिसते. काही प्रश्न असतील तर घेऊ. नमस्कार.